काकांच्या लॅपटॉपवरची लाल चौकट

गेल्या महिन्यात साताऱ्याहून काकांचा फोन आला. "अरे, लॅपटॉप म्हणतोय पाच व्हायरस सापडलेत. आज पैसे नाही भरले तर सगळं जाणार म्हणतोय. भरू का?"

काका निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभर गणित शिकवलं. सहज घाबरणारा माणूस नाही. पण त्या लॅपटॉपमध्ये त्यांच्या शाळेच्या शताब्दीची स्मरणिका आहे. गेली दोन वर्षं ते एका बोटानं ती टाइप करतायत. जुन्या विद्यार्थ्यांकडून आलेले लेख, फोटो, देणगीदारांची यादी, सगळं त्यातच. ती जाईल म्हटल्यावर त्यांचा आवाज फोनवरसुद्धा बदललेला कळत होता.

म्हटलं, "काही भरू नका. शनिवारी येतो."

शनिवारी गेलो, लॅपटॉप उघडला. पाच मिनिटं तो नुसता घरघरत बसला. मग उजव्या कोपऱ्यातून एकामागून एक तीन चौकटी वर आल्या. तिन्ही लाल. तिन्हींवर ढाल, ढालीवर उद्गारचिन्ह. तिन्हींचा मजकूर एकच, तुम्ही धोक्यात आहात. यातली एक होती लॅपटॉपबरोबर आलेल्या, रीतसर विकत घेतलेल्या अँटिव्हायरसची. बाकीच्या दोन भामट्यांच्या. काका कधीतरी पंचांग बघायला एका साइटवर गेले असतील, तिनं 'अलाऊ' दाबायला लावलं असेल, आणि तेव्हापासून ती साइट ब्राउझरमधून रोज हे फटाके फोडत होती.

वर्षभरात काकांनी दोनदा पैसे भरले होते. एकदा खऱ्या कंपनीला २,४९९ रुपये, एकदा भामट्याला १,९९९. म्हणजे भामटा स्वस्त पडला. आणि खऱ्या कंपनीला पैसे भरूनही तिची चौकट थांबली नव्हतीच. आता ती म्हणत होती की व्हायरसपासून तुम्ही सुरक्षित आहात, पण तुमची 'ओळख' सुरक्षित नाही, त्याचे वेगळे पडतील.

काकांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "बाकी राहू दे. खरी कुठली आणि खोटी कुठली हे ओळखायचं कसं, तेवढं सांग. काहीतरी खूण असेल ना?"

वीस वर्षं कॉम्प्युटरवर पोट भरतोय, पण मला खूण सांगता येईना. आणि ती का सांगता येत नाही याचा विचार करत परत येताना हे सगळं डोक्यात जुळत गेलं. म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

सुरुवात लाहोरहून करू. साल १९८६. बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांचं तिथं कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्यांनी डॉक्टरांसाठी एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं आणि लोक त्याच्या चोरून नकला करतात याचा त्यांना राग होता. म्हणून त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. फ्लॉपीचा जो भाग कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यात आधी वाचतो, तिथं जाऊन हा बसायचा आणि पुढच्या फ्लॉपीवर स्वतःची नक्कल करायचा. त्याचं नाव 'ब्रेन'. पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून जग यालाच ओळखतं. गंमत म्हणजे भावांनी त्यात स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता, फोन नंबर असं सगळं लिहून ठेवलं होतं. आणि एक सूचना: या व्हायरसपासून सावध राहा, लसीसाठी आमच्याशी संपर्क साधा.

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. पीसीचा पहिला व्हायरस आणि त्याच्यावरच्या लशीची जाहिरात एकाच चिठ्ठीत आली! त्या भावांना काही दुकान थाटायचं नव्हतं. अमेरिकेतून, ब्रिटनमधून फोन यायला लागले तेव्हा तेच चक्रावले. २०११ मध्ये फिनलंडचे मिको हिप्पोनेन त्यांना शोधत लाहोरला गेले, तर भाऊ त्याच पत्त्यावर सापडले, आणि आता ते चक्क इंटरनेट पुरवण्याचा व्यवसाय करत होते.

आपणही मागे नव्हतो बरं का. १९९० मध्ये भारतात एक व्हायरस सापडला, त्याचं नाव 'जोशी'. खोटं नाही सांगत. ५ जानेवारीला कॉम्प्युटर चालू केला की तो अडून बसायचा आणि पडद्यावर हुकूम यायचा, 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. केलं की निमूट चालू. हा व्हायरस जगभर पसरला. त्या दिवशी कुठल्या कुठल्या देशांत कोण कोण माणसं, कोण हा जोशी असं म्हणत त्याला शुभेच्छा देत बसली असतील! सदाशिव पेठेचा यात हात असावा असा माझा एक खासगी संशय आहे, पुरावा शून्य.

त्या काळातले व्हायरस हे असे. काही त्रासदायक, काही नुसते टवाळ. आणि त्यांच्यावरचे उपायही छोटे. अख्खा अँटिव्हायरस एका फ्लॉपीत मावायचा. शंका आली की फ्लॉपी घालायची, तपासायचं, फ्लॉपी काढून खणात ठेवायची. वैद्यासारखं. बोलावलं की यायचा, औषध द्यायचा, जायचा. घरात मुक्काम ठोकायचा नाही.

मुक्काम कसा सुरू झाला? त्यासाठी जॉन मॅकॅफी हा गडी बघायला हवा. त्यानं १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात कंपनी काढली. सॉफ्टवेअर फुकट वाटायचं आणि कचेऱ्यांकडून वापराचे पैसे घ्यायचे, ही त्याची रीत. मग आला 'मायकेलअँजेलो' नावाचा व्हायरस. हा वर्षभर गप्प बसायचा आणि ६ मार्चला, त्या चित्रकाराच्या वाढदिवशी, डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहून ती निकामी करायचा. १९९२ च्या सुरुवातीला अमेरिकेतली वर्तमानपत्रं आणि टीव्ही यानं भरून गेले. किती कॉम्प्युटर जाणार, असं पत्रकारांनी मॅकॅफीला विचारलं, आणि पन्नास लाखांपर्यंतचा आकडा छापून आला. लोक दुकानांवर तुटून पडले.

६ मार्च उजाडला. नुकसान झालं दहा-वीस हजार कॉम्प्युटरच्या घरात.

टीका झाली तेव्हा उत्तर तयार होतं: लोकांनी वेळेवर तपासलं म्हणून वाचले. या उत्तराची मजा बघा. ते खोटं ठरवता येत नाही आणि खरंही ठरवता येत नाही. पोरगं पास झालं तर नवसाला पावला, नापास झालं तर नवस फेडायचा राहिला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मॅकॅफीची कंपनी शेअर बाजारात उतरली. काही झालं तरी आमची गरज आणि काही नाही झालं तरी आमच्यामुळेच, हा हिशेब धंद्याला तिथं कळला असं माझं मत.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. पुढची पंधरा वर्षं भीती अगदी खरी होती.

२६ एप्रिल १९९९ आठवतो का कुणाला? 'चेर्नोबिल' व्हायरस. तैवानच्या एका विद्यार्थ्यानं लिहिलेला. त्या तारखेला तो डिस्क तर पुसायचाच, पण काही मदरबोर्डवरची चिपसुद्धा बिघडवायचा, म्हणजे कॉम्प्युटर चालूच व्हायचा नाही. आशियात त्यानं हाहाकार केला. शिवाय ईमेलमधून 'मेलिसा', 'आय लव्ह यू'. २००३ मध्ये 'ब्लास्टर' आला, त्याला तर तुम्ही काही उघडायचीही गरज नव्हती. नुसतं इंटरनेट जोडा, तो शोधत यायचा. कारण विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण ती मुळात बंद असायची. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली.

आणि पेन ड्राइव्ह! कॉलेजात असताना मी पुण्यात संध्याकाळी एका डीटीपीच्या दुकानात बसायचो. लग्नसराईत पत्रिकांचा मजकूर घेऊन माणसं यायची, आणि प्रत्येक पेन ड्राइव्हमध्ये एक पिवळं फोल्डर असायचं, 'न्यू फोल्डर'. दिसायला फोल्डर, असायचा प्रोग्रॅम. उघडायला गेलात की संपलं. एका वधूपित्यानं आणलेल्या ड्राइव्हमुळे आमच्या चारही मशीन बसल्या आणि ऐन मे महिन्यात दोन दिवस दुकान बंद. मालक आम्हाला काय काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी काय, फॉरमॅट मारा. त्या वर्षी मी किती वेळा विंडोज टाकलं असेल याला गणती नाही, सिरियल नंबर पाठ झाला होता.

अशा काळात पुण्यातून क्विक हील उभी राहिली, त्यात आश्चर्य नाही. आमच्या काकांच्याच जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर. शिक्षण जेमतेम दहावी, कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी, मग स्वतःचं दुकान, मग कॉम्प्युटर दुरुस्ती. दुरुस्तीला आलेल्या मशीनमध्ये व्हायरस सापडायचे, आणि धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता, त्यानं औषध लिहायला घेतलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्याचं उत्पादन झालं आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. गावोगावचे कॉम्प्युटरवाले तेव्हा 'क्विक हील टाकून घ्या' असंच म्हणायचे. मेकॅनिकनं स्वतःच्या कामातून काढलेली वस्तू होती ती, आणि लोकांना तिचा खरोखर उपयोग झाला.

पण सगळ्याच अँटिव्हायरसची, देशी काय विदेशी काय, एक मुळातली अडचण होती. फ्रेड कोहेन नावाच्या अमेरिकन संशोधकानं ऐंशीच्या दशकातच गणितानं दाखवून दिलं होतं की सगळे व्हायरस बिनचूक ओळखणारा प्रोग्रॅम असूच शकत नाही. मग करायचं काय? सापडलेल्या प्रत्येक व्हायरसचा ठसा घ्यायचा, यादीत टाकायचा, आणि कॉम्प्युटरवर उघडणारी प्रत्येक फाइल त्या यादीशी ताडून बघायची. पोलीस स्टेशनात भिंतीवर फोटो असतात तसं. फोटो शंभर असतात तोवर ठीक. लाखो झाल्यावर? तुम्ही नुसती लग्नपत्रिका उघडली तरी आधी हवालदार तिला उलटीपालटी करून बघणार, मग तुमच्या हातात देणार. ५१२ एमबी रॅमच्या मशीनमध्ये हवालदारानंच निम्मी जागा अडवली की मालकानं बसायचं कुठं?

लोक वैतागायला लागले ते इथून. आणि कंपन्यांचं चुकलं तेही इथूनच, असं मला वाटतं. मशीन हळू होणं ही लाचारी म्हणून समजून घेता आलं असतं. पुढं जे झालं ती लाचारी नव्हती.

लॅपटॉपच्या धंद्यात नफा पातळ. म्हणून लॅपटॉप बनवणारे सॉफ्टवेअर कंपन्यांकडून पैसे घेऊन त्यांचे प्रोग्रॅम आधीच भरून द्यायला लागले. त्यात मानाचं पान अँटिव्हायरसला. ३० नाहीतर ६० दिवस फुकट, मग लाल चौकट. तुम्ही वस्तू मागितली नव्हती, पण ती नसल्याची धमकी मात्र तुम्हालाच. हा भरताड इतका वाढला की २००८ मध्ये सोनीनं आपल्या वायो लॅपटॉपसाठी तो काढून देण्याचे ५० डॉलर लावले. स्वतःच टाकलेला कचरा उचलायची फी! बोंब झाल्यावर ती मागे घेतली. नंतर मायक्रोसॉफ्टनंही अमेरिकेतल्या आपल्या दुकानांत ९९ डॉलरला तुमचा पीसी स्वच्छ करून देण्याची सेवा काढली.

दुसरीकडे टूलबार. जावा अपडेट करायला जावं तर 'आस्क'चा टूलबार गळ्यात. फ्लॅश प्लेयर घ्यावा तर बरोबर मॅकॅफीचा स्कॅनर. एका बारीक चौकोनात आधीच बरोबरची खूण केलेली असायची, ती काढायला विसरलात की झालं. आमच्या दुकानाच्या मालकाच्या ब्राउझरवर एकदा मी मोजून सहा टूलबार बघितलेत. वेबसाइट दिसायला पडद्याचा खालचा अर्धा भाग उरला होता आणि त्याला वाटायचं इंटरनेट असंच असतं.

आणि काढायला जाल तर निघत नसे. काही अँटिव्हायरस नेहमीच्या पद्धतीनं पूर्ण जायचेच नाहीत, म्हणून कंपन्यांनाच ते उपटून काढायची वेगळी हत्यारं द्यावी लागली. २०१३ मध्ये खुद्द जॉन मॅकॅफीनं, तो कंपनीतून बाहेर पडून जमाना झाला होता, 'मॅकॅफी अँटिव्हायरस कसा काढावा' असा एक अत्यंत वाह्यात व्हिडिओ काढला. घरातल्या मंडळींसमोर बघू नका.

आता व्याख्या आठवा. न विचारता येतो, मेमरी खातो, काढता येत नाही, पडद्यावर भलतेसलते संदेश दाखवतो. ही व्याख्या आपण कशाची पाठ केली होती?

भामट्यांनी हे नीट बघून ठेवलं. २००५ च्या पुढं 'विनफिक्सर' आणि त्याचे भाऊबंद आले. खोटे अँटिव्हायरस. खोटं स्कॅनिंग करायचे, शेकडो व्हायरस दाखवायचे, ते काढायला पैसे मागायचे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००८ मध्ये यांच्यावर खटला भरला, फसलेले ग्राहक दहा लाखांच्या वर होते. त्यांचं स्कॅनिंग इतकं पटायचं कारण ते खऱ्यासारखंच दिसायचं. तीच हिरवी पट्टी पुढं सरकणारी, तोच लाल आकडा वाढत जाणारा. नक्कल करायला त्यांना कष्ट पडले नाहीत, मूळ प्रतच तशी होती.

आणि अशी फसवणूक फक्त अंधाऱ्या खोलीतले भामटेच करत होते असंही नाही. ऑफिस डेपो हे अमेरिकेतलं मोठं, प्रतिष्ठित दुकान. तिथं फुकट 'पीसी तपासणी' मिळायची. तपासणीच्या सुरुवातीला ग्राहकाला चार प्रश्न विचारायचे: मशीन हळू झालंय का, व्हायरसच्या सूचना येतात का, वगैरे. चारातल्या एकालाही 'हो' म्हटलं की तपासणीचा निकाल ठरलेला, तुमच्यात व्हायरसची लक्षणं आहेत. आत काय सापडलं याचा त्याच्याशी संबंधच नाही. हे कित्येक वर्षं चाललं. २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि ते सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

दरम्यान एक मोठी गोष्ट गाजावाजा न होता घडली. पेन ड्राइव्ह घातला की आपोआप प्रोग्रॅम चालू व्हायची सोय मायक्रोसॉफ्टनं २०११ मध्ये जुन्या विंडोजवरही अपडेट पाठवून बंद केली. आमच्या त्या दुकानाची झोप उडवणाऱ्या व्हायरसांचा रस्ताच त्यामुळं अडला. एक सेटिंग, फुकट. आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून 'डिफेंडर' हा पुरा अँटिव्हायरस विंडोजमध्येच मिळायला लागला. सुरुवातीला तो यथातथाच होता. आज स्वतंत्र चाचण्यांमध्ये तो विकतच्यांच्या बरोबरीनं उभा राहतो. २०१४ मध्ये नॉर्टनवाल्या सिमँटेकच्याच एका बड्या अधिकाऱ्यानं मुलाखतीत अँटिव्हायरस मेला असं सांगून टाकलं.

मेला तर मेला, पण कंपनी कशी मरेल? तिला उत्पन्न हवंच. मग पुढची दहा वर्षं या कंपन्यांनी काय काय विकलं बघा. अवास्ट हा फुकट अँटिव्हायरस आपल्याकडे घरोघरी होता, माझ्याही मशीनवर होता. त्यांनी जम्पशॉट नावाच्या उपकंपनीतून लोकांचा ब्राउझिंगचा इतिहास विकला. कुठल्या आजाराबद्दल वाचलं, कुठल्या धर्माच्या साइटवर गेलात, कर्ज कुठं शोधलंत. घेणारे शंभरावर. २०२० च्या जानेवारीत पत्रकारांनी हे उघड केलं, जम्पशॉट बंद झाली, आणि २०२४ मध्ये अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले. वर अवास्टची जाहिरात काय होती? की आम्ही तुम्हाला तुमच्यावर पाळत ठेवणाऱ्यांपासून वाचवतो. कुंपणच शेत खातं म्हणतात, इथं तर कुंपणानं शेताचा सातबारा बाजारात नेला.

नॉर्टननं २०२१ मध्ये आपल्या अँटिव्हायरसमध्ये क्रिप्टो चलन काढायची सोय घातली. तुमचा कॉम्प्युटर रिकामा असताना वीज जाळणार, जे मिळेल त्यातले १५ टक्के कंपनीचे. लोकांनी स्वतः चालू केल्याशिवाय ती चालत नव्हती, हे खरं. पण चोरून क्रिप्टो काढणारे प्रोग्रॅम पकडणं हे ज्याचं काम, त्यानंच हे घरात आणून ठेवावं? आज नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी, अव्हिरा, सीक्लीनर हे सगळे एकाच जेन डिजिटल कंपनीच्या पदराखाली आहेत. नावं वेगळी, घर एक.

फोनवरही तेच. 'क्लीन मास्टर' आठवतंय? बटण दाबलं की झाडू फिरायचा आणि बरं वाटायचं. २०२० च्या फेब्रुवारीत गूगलनं ते आपल्या दुकानातून काढलं, जूनमध्ये आपल्या सरकारनं ज्या ५९ अ‍ॅपवर बंदी घातली त्यात ते होतंच. माझ्या मावशीला अजून त्या झाडूची आठवण येते.

या सगळ्यात मला सारखी एक जुनी गोष्ट आठवते. आपल्याकडे गावगाड्यात राखणदार असायचे, जागल्या रात्रीची गस्त घालायचा. चोरी झाली की माग काढायचा. पावलं दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरली असं दाखवून दिलं की जबाबदारी त्या गावाची. पण माग आपल्याच शिवेत विरला तर नुकसान भरून द्यायची जबाबदारी राखणदारांवर आणि गावावर यायची. व्यवस्था आदर्श होती असं मी अजिबात म्हणत नाही, त्यात कुणाच्या वाट्याला काय आलं हे आपल्याला ठाऊक आहे. पण राखणीचा मोबदला घेतला तर चोरीचा जाब द्यायचा, एवढा हिशेब त्यात होता.

आता अँटिव्हायरस टाकताना 'आय अ‍ॅग्री' दाबतो त्या पानात काय असतं? वस्तू आहे तशी घ्या, नुकसानीला आम्ही जबाबदार नाही, अगदीच वेळ आली तर तुम्ही भरलेल्या रकमेपुरतं बघू.

२१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीनं एक अपडेट सोडला. त्यात विंडोज एक्सपीचीच एक मूळ फाइल व्हायरस समजून काढून टाकली गेली. जगभर कचेऱ्यांमधले, हॉस्पिटलांमधले कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा पुन्हा चालू होत राहिले. चारच महिन्यांनी इंटेलनं ती कंपनी ७६८ कोटी डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं. आणि १९ जुलै २०२४ तर सगळ्यांनी बघितलाय. क्राउडस्ट्राइक हा घरगुती अँटिव्हायरस नव्हे, कंपन्यांसाठीचा आहे, पण वंश तोच, विंडोजच्या अगदी गाभाऱ्यात बसणारा. त्याच्या एका सदोष अपडेटनं ८५ लाख विंडोज मशीन बसल्या. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, फोटो फिरत होते. कुठल्याही चोराला एका सकाळीत हे जमलं नव्हतं.

तर काकांचा प्रश्न. खूण काय?

खूण राहिली नाही, कारण पुसली गेली. खऱ्या कंपन्यांनी वीस-पंचवीस वर्षं लोकांना लाल रंग, ढाल, उद्गारचिन्ह आणि 'आत्ताच भरा' याची सवय लावली. भामट्यांना नवीन काही शिकवावंच लागलं नाही. काका भोळे म्हणून फसलेले नाहीत. आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखे वागले, कॉम्प्युटरनं शिकवलं तसं केलं.

आपल्या कायद्यालाही हे थोडंफार कळलंय असं दिसतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहकाला चकवणाऱ्या 'डार्क पॅटर्न'बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिलेत. व्हायरस आहे असं खोटं सांगून पैसे उकळणं त्यात आहे. पण त्याच यादीत सदस्यत्व सोडणं अवघड करून ठेवणं आहे, आणि सारखं मागे लागून भंडावणंही आहे. म्हणजे खोटी चौकट आणि खऱ्या कंपनीची चौकट, दोघींना एकाच कागदावर जागा मिळाली. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, भामट्यानं पैसे नेले तर १९३० ला लगेच फोन करायचा. लगेच म्हणजे त्याच तासात. काकांनी सांगितलं तोवर महिने उलटले होते.

आणखी एक. कार्डावर आपोआप नूतनीकरण लावून ठेवलं असेल तर पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी बँकेनं कळवायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. काकांनाही मेसेज आला होता. इंग्रजीत, वीज बिल आणि रमीच्या जाहिरातीच्या मधे. घरातल्या मोठ्यांच्या फोनमध्ये तो शोधा आणि नको असलेलं त्याच दिवशी बंद करा.

मी काय केलं ते सांगतो. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन पंचांगवाल्याची आणि आणखी अकरा साइटची परवानगी काढली. बँकेच्या अ‍ॅपमधून ते आपोआप नूतनीकरण रद्द केलं. मग तो खरा अँटिव्हायरस काढायला बसलो. त्यानं तीनदा विचारलं, नक्की ना? मग निम्म्या किमतीत देऊ केला. मग का सोडून जाताय याची प्रश्नावली दिली. काका म्हणाले, "शाळा सोडल्याचा दाखला काढतानासुद्धा आम्ही इतके प्रश्न विचारत नव्हतो." चाळीस मिनिटांनी आणि दोन रीस्टार्टनंतर तो गेला, आणि डिफेंडर आपसूक चालू झाला. लॅपटॉप आता मिनिटाभरात उघडतो. स्मरणिकेच्या दोन प्रती पेन ड्राइव्हवर घेतल्या, त्यातली एक काकूंच्या कपाटात, साड्यांच्या खाली.

परवा पुन्हा काकांचा फोन. "अरे, आज एक नवीनच चौकट आलीय. म्हणते, तपासणी केली, काहीही सापडलं नाही."

म्हटलं, "ती विंडोजची आहे काका. सगळं ठीक आहे असं सांगतेय."

थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "बरं. पण याचे किती भरायचे?"